लहान मुलांचे फोटो काढता काढता फोटोग्राफी कशी शिकायची

घरात दीड-दोन ते सहा-सात वर्षांचं पोर असेल तर फोटोग्राफी शिकायला वेगळा क्लास लावायची गरज नाही असं माझं स्पष्ट मत आहे. जे जे अवघड असतं ते सगळं त्या एका पोरात मिळतं, ते सारखं हलतं, अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन खेळतं, सांगितलेलं ऐकत नाही आणि आपल्याला हवं ते दुसऱ्यांदा करत नाही. फक्त एक गोष्ट आधी पक्की करा, मुलाला फोटोसाठी थांबवायचं नाही. "इकडे बघ, हस बघू" म्हटल्यावर जो चेहरा मिळतो तो सगळ्यांच्या अल्बममध्ये सारखाच असतो. तयारी आपण करायची, उजेड शोधायचा, कॅमेरा लावून ठेवायचा, खाली बसायचं आणि पोराला त्याचं त्याचं खेळू द्यायचं. खालचं सगळं याच क्रमाने करा, लेन्स घ्यायची घाई तर अजिबात करू नका.

१. आधी घरातला उजेड शोधा

एक सुट्टीचा दिवस फोटो न काढता नुसतं बघा की कुठल्या खिडकीतून किती वाजता उजेड येतो. पूर्वेची खिडकी सकाळी, पश्चिमेची गॅलरी संध्याकाळी, असं प्रत्येक घराचं वेगळं असतं. थेट ऊन नकोय, उजेड हवाय, ऊन आत येत असेल तर पातळ पांढरा पडदा किंवा पांढरी ओढणी लावली तरी काम होतं. मग त्या खिडकीजवळ चटई टाकायची आणि ठोकळे, रंग, जे काय आवडतं ते तिथे ठेवून द्यायचं, पोर आपोआप तिथे येतं. खिडकी मुलाच्या एका बाजूला असू दे, म्हणजे चेहऱ्याचा गोलवा दिसतो आणि डोळ्यात चमक येते. खिडकी मुलाच्या पाठीमागे आली की चेहरा काळा पडतो. दिवसा ट्यूब बंद करा, दोन रंगांचे उजेड एकत्र झाले की कातडीचा रंग विचित्र येतो, आणि तो नंतर नीट करणं फार कटकटीचं असतं.

बाहेर असाल तर दुपारी बाराच्या उन्हात डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात, तेव्हा मुलाला दाराच्या सावलीत बसवा, तोंड अंगणाकडे. आणि पावसाळ्यात ढगाळ आभाळ असलं की कॅमेरा हाताशीच ठेवा, तसा मऊ उजेड उन्हाळ्यात शोधून मिळत नाही.

२. मग शटर स्पीड, आणि सुरुवातीचे काही आठवडे फक्त तोच

मुलांचे फोटो बिघडतात ते मुख्यतः हलल्यामुळे. शटर म्हणजे उजेड आत सोडणारा कॅमेऱ्यातला पडदा, तो जितका वेळ उघडा राहतो (हाच शटर स्पीड) तितक्या वेळातली सगळी हालचाल फोटोत येते, म्हणून तो पटकन उघडून पटकन बंद व्हायला हवा. एका जागी बसून चित्र काढत असेल तर १/१२५ सेकंद पुरतो, चालत असेल तर १/२५०, पळत असेल तर १/५००, झोका नाहीतर पाण्याचे शिंतोडे असतील तर १/१०००. झोपलेल्या बाळाला १/६० सुद्धा चालतं.

कॅमेऱ्याच्या चकतीवर शटर प्रायॉरिटी असते, म्हणजे शटर स्पीड आपण ठरवायचा आणि बाकीचं कॅमेरा बघतो, निकॉन, सोनीवर ‘एस’ आणि कॅननवर ‘टीव्ही’ लिहिलेलं असतं. तिथे चकती आणा, १/५०० ठेवा, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते सांगणारा आकडा) ऑटोवर टाका आणि त्याची वरची मर्यादा ६४०० करा. फोटोत थोडे दाणे दिसतील, दिसू द्या! दाणेदार पण स्पष्ट फोटो वीस वर्षांनी बघताना छान वाटतो, हललेल्या चेहऱ्याचं मात्र काहीच करता येत नाही.

आता रात्रीची गोष्ट, जी आपल्याकडे फार जणांना सतावते. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुनी चोकवाली ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, डोळ्याला कळत नाही पण शटर वेगात असलं की काही फोटो उजळ काही काळपट येतात, सायलेंट शटरवर (आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर) तर आडवे पट्टेच उमटतात. तेव्हा सायलेंट शटर बंद करायचं आणि १/१०० वर यायचं. एवढ्या सावकाश शटरला पळणारं पोर सापडणार नाही, म्हणून ते थांबतं तो क्षण पकडायचा. झोका वर जाऊन क्षणभर थांबतो, उडी मारल्यावर सगळ्यात उंच असताना अंग थांबतं, गोष्ट ऐकताना तोंड उघडं राहून थांबतं. हे एकदा दिसायला लागलं की तुमची नजर तयार व्हायला लागली.

३. खाली बसा

कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर हवा. रांगणारं बाळ असेल तर पोटावर झोपा. वरून काढलेल्या फोटोत डोकं मोठं, पाय बारीक आणि मागे नुसती फरशी येते.

४. फोकस डोळ्यावर

हलत्या मुलासाठी सतत फोकस करणारा मोड लावा, नाव एएफ-सी असतं, कॅननच्या डीएसएलआरवर (आत आरसा असलेला कॅमेरा) एआय सर्व्हो. मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला कॅमेरा असेल तर डोळा ओळखणारा फोकस चालू ठेवा, कॅमेऱ्याच्या जवळचा डोळा स्पष्ट असला की पुरे. बर्स्ट (बटण दाबून धरलं की लागोपाठ फोटो) लावून तीन-चार फोटोंची छोटी सर घ्या. बटण दाबून बसू नका, नाहीतर रात्री चारशे फोटो निवडायला बसावं लागतं आणि त्या कंटाळ्यातच छंद सुटतो.

फोनवर शिकत असाल तर

लेन्स सुती कापडाने पुसा, घरातल्या फोनवर बोटांचं तेल असतंच आणि निम्मा धूसरपणा त्याचाच असतो. चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड तिथेच लॉक होतो, मग बोट खाली सरकवून थोडं अंधारं करा. झूम न करता दोन पावलं पुढे जा. पोर्ट्रेट मोड पळणाऱ्या मुलावर वापरू नका, केसांच्या कडा तुटतात.

सरावासाठी खरे प्रसंग

संक्रांतीनंतर रथसप्तमीपर्यंत कधीही बोरन्हाण असतं, त्याच्याइतका चांगला सराव मला तरी दुसरा माहीत नाही. मुलाला काळे कपडे, वर पांढरे हलव्याचे दागिने, डोक्यावरून चुरमुरे, बोरं, उसाचे करवे पडतायत आणि भोवती दहा पोरं लुटायला टपलेली. काळं जास्त दिसलं की कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, तो फोटो जास्तच उजळ करतो, काळा झबला राखाडी होतो आणि हलवा नुसता पांढरा डाग. म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-काळपट करायची अधिक-उणे सेटिंग) उणे ०.७ ते उणे १ करा. पांढऱ्या कुर्त्यात असेल तर उलट, अधिक. घरच्यांना विनंती करून कार्यक्रम संध्याकाळऐवजी सकाळी खिडकीजवळ ठेवा, मग १/५०० ला पडतं बोर हवेत स्पष्ट मिळतं. पहिली ओंजळ पडते तेव्हा मुलाचा चेहरा बघा, बोरं नका बघू.

दुसरा प्रसंग दिवाळीतला किल्ला. हा एका फोटोत मावत नाही आणि तेच शिकायचं असतं. लांबून सगळं अंगण, मग मुलं आणि दगडमाती, मग जवळून फक्त चिखलाचे हात आणि अळीवाची पेरणी. तीन अंतरं, तीन फोटो, आणि अख्खी गोष्ट सांगून होते.

लेन्स कधी घ्यायची

हे सगळं किट लेन्सवर, म्हणजे कॅमेऱ्यासोबत आलेल्या लेन्सवर, दोन-तीन महिने करून झालं की एफ/१.८ ची लेन्स घ्या, एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं भोक मोठं. किट लेन्सच्या एफ/५.६ पेक्षा ती जवळजवळ नऊ-दहा पट उजेड आत घेते. सगळे ५० एमएम सुचवतात, ती स्वस्तही असते, पण छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ती ७५-८० सारखी वागते आणि वन बीएचकेत पाठ भिंतीला टेकली तरी पोर फ्रेममध्ये मावत नाही, तिथे ३५ बरी. एफचा आकडा लहान असला की पुढे-मागे थोडंच स्पष्ट येतं, म्हणून दोन भावंडं असतील तर एफ/४ करा, नाहीतर ताई स्पष्ट आणि धाकटा धूसर.

दर रविवारी फोटो बघा

शिकणं खरं इथे होतं. बिघडलेला फोटो लगेच डिलीट करू नका, त्याची माहिती उघडून शटर स्पीड, आयएसओ बघा. १/४० दिसलं की कारण कळलं. मग शंभरातले पाच-सहा ठेवा. ठेवलेल्यांच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली एक घराबाहेर, म्हणजे क्लाउडवर किंवा आजोळी हार्ड डिस्कवर. आजी-आजोबांना व्हॉट्सअॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साध्या पाठवण्यात फोटो बारीक होतो.

ऑनलाइन टाकणार असाल तर लोकेशन बंद, गणवेशावरचं शाळेचं नाव दिसणार नाही असं बघा, आंघोळीचे फोटो घरातच ठेवा. आणि चार-पाच वर्षांचं मूल "नको काढू आई" म्हणालं तर कॅमेरा खाली ठेवायचा, लगेच. ज्या मुलाचं ऐकलं जातं तेच पुढच्या वेळी कॅमेऱ्यासमोर मोकळं खेळतं.

महिन्याला दहा फोटो प्रिंट करा. ४ बाय ६ इंचाला १२०० बाय १८०० पिक्सेल पुरतात, म्हणजे कुठलाही साधा फोन चालेल. मागे तारीख आणि गाव लिहा, पण बॉलपेन दाबून नको, पुढच्या बाजूला वळ उमटतात.