टोळी निघण्याआधी: लग्नाची नोंद नसलेल्या ऊसतोड कुटुंबांच्या कागदपत्रांची तयारी

दसरा झाला की धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, पाथर्डी या तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघू लागतात. कोणी सांगली-कोल्हापूरकडे जाते, कोणी सोलापुरात, तर कोणी सीमा ओलांडून बेळगाव, बागलकोट, विजयपूरकडे. आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत (गाळप थांबेपर्यंत), म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, गावात म्हातारी माणसे आणि कुलपे उरतात. मुकादमाच्या वहीत जोडी म्हणजे एक कोयता आणि एकटे माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळत असल्यामुळे विधवा, नवऱ्याने टाकलेली किंवा माहेरी परत आलेली बाई कोणाबरोबर तरी कोयता जोडते, पुढे दोघे एका कोपीत (तात्पुरत्या झोपडीत) राहू लागतात, मुलेही होतात. काही जोडप्यांचे लग्न चारचौघांसमोर झालेले असते, पण त्याची नोंद कोठेच नसते. अशा कुटुंबाला मुकादमाची वही ओळखते, तहसील मात्र ओळखत नाही. पुढील तयारी या कुटुंबांसाठी आहे, आणि त्यांच्यासोबत कागद घेऊन बसणाऱ्या आशाताई, अंगणवाडीताई, शिक्षक आणि गावातल्या शिकलेल्या मुलामुलींसाठीही आहे.

सुरुवात पोळ्याच्या सुमारास करावी, कारण नवरात्रात टोळीची बांधाबांध सुरू झाल्यावर कोणालाही तालुक्याला खेप घालायला सवड नसते. सर्वांत आधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी: आपण पती-पत्नी आहोत हे सिद्ध करण्यात दिवस घालवू नयेत. बहुतेक योजनांचा हक्क विवाहावर नव्हे, तर व्यक्तीवर आणि तिच्या रहिवासावर ठरतो. म्हणून बाईचा कागद बाईच्या नावावर, पुरुषाचा पुरुषाच्या नावावर आणि मुलाचा मुलाच्या नावावर असा प्रत्येकाचा कागद स्वतंत्र उभा करावा. एकाचा अडला तरी दुसऱ्याचा अडत नाही. ज्यांचे लग्न खरोखर झाले आहे आणि ज्यांच्यात कायद्याने अडचण नाही, त्यांनी ग्रामपंचायतीत विवाह नोंदणी जरूर करून घ्यावी; महाराष्ट्रातील १९९८ च्या कायद्याने नव्वद दिवसांची मुदत दिली असली तरी उशिरा नोंद करता येते. मात्र दोघांपैकी एकाचा आधीचा जोडीदार हयात असेल आणि घटस्फोट झालेला नसेल, तर खोटी नोंद करू नये. मुलगी अठरा वर्षांच्या आतली असेल तर तिचे वय वाढवून कोणताही कागद करू नये. तेथे १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर कळवणे हेच काम आहे.

त्यानंतर नाव पाहावे. मी ज्या बायकांचे कागद पाहते, त्यांतल्या कित्येकींची तीन नावे असतात: शाळेच्या दाखल्यावर वडिलांचे, बँकेत पहिल्या नवऱ्याचे आणि शिधापत्रिकेवर सध्याच्या जोडीदाराचे. तिन्ही खरी असतात, तरीही संगणकाला त्या तीन वेगळ्या बायका वाटतात आणि पैसे खात्यात येत नाहीत. माझा सल्ला असा, की विवाहाची नोंद नसलेल्या स्त्रीने माहेरचे, म्हणजे शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील नाव कायम ठेवावे आणि बँक, शिधापत्रिका व मतदार यादी त्याच नावावर आणावी, कारण ते नाव पुढे कोणत्याही कारणाने बदलावे लागत नाही. आधारवर वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव येते ते पत्त्याचा भाग म्हणून. त्यावरून विवाह सिद्ध होत नाही आणि ते घालण्याची सक्तीही नाही. आधारला जोडलेला मोबाईल क्रमांक आपलाच आहे ना, हे तपासावे. तो मुकादमाचा किंवा दुकानदाराचा निघाला, तर ओटीपी त्याच्याकडे जातो आणि बाईच्या खात्याची किल्ली परक्या माणसाच्या हाती राहते.

बोटांचे ठसे हा वेगळाच प्रश्न आहे. कोयता धरून आणि उसाचे पाचट ओढून बोटांच्या रेषा पुसट होतात. मग रेशन दुकानातील यंत्र अंगठा नाकारते आणि बाई ओशाळून परत फिरते. गेल्या हंगामाआधी एका बाईचा अंगठा सलग दोन दिवस उमटला नाही, आणि तिला वाटले की आपलेच काहीतरी चुकले. तिचे काही चुकले नव्हते. अशा वेळी आधार केंद्रावर जाऊन ठसे आणि डोळ्यांची नोंद नव्याने करून घ्यावी. मुलांचे ठसे पाचव्या आणि पंधराव्या वर्षी पुन्हा द्यावे लागतात, तेही याच खेपेत उरकावे.

रहिवासाबद्दल गैरसमज फार आहेत. सहा महिने बाहेर राहिल्याने गावचा रहिवास जातो, असे अनेकांना सांगितले जाते आणि त्यांना ते खरे वाटते. मतदार नोंदणीपुरते कायद्याचे म्हणणे स्पष्ट आहे: लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम २० नुसार तात्पुरती गैरहजेरी झाली म्हणून माणूस त्या ठिकाणचा सर्वसाधारण रहिवासी राहत नाही, असे होत नाही. तेव्हा यादीतून नाव 'स्थलांतरित' म्हणून वगळले गेले असेल, तर निघण्याआधीच नमुना ६ भरून ते परत घालून घ्यावे. राज्याच्या योजनांना मात्र जुना पुरावा लागतो. संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी महाराष्ट्रात किमान १५ वर्षांचा रहिवास हवा, आणि मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत अधिवास प्रमाणपत्र नसल्यास १५ वर्षांपूर्वीची शिधापत्रिका, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला चालतो असे ठरले. म्हणून जुनी, फाटकी शिधापत्रिका नवी मिळाल्यावर टाकून देऊ नये. तहसीलमधून वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र एकदा काढून ठेवावे. येथे विवाहाची नोंद नसल्याची झळ एका ठिकाणी खरोखर बसते: परराज्यात जन्मलेल्या स्त्रीने महाराष्ट्रातील रहिवाशाशी विवाह केला असेल, तर लाडकी बहीण योजनेत पतीचे कागद ग्राह्य धरले गेले, परंतु कर्नाटकातून किंवा तेलंगणातून येऊन लग्नाशिवाय येथे राहणाऱ्या स्त्रीला तो मार्ग नाही. तिने आपल्या स्वतःच्या रहिवासाचे पुरावे, म्हणजे मुलांचे शाळा-प्रवेश, ग्रामपंचायतीचा दाखला, बँक पासबुक, आजपासून साठवायला लागावे.

शिधापत्रिकेवर मी सर्वांत जास्त वेळ घालवते, कारण कोपीतली चूल तिच्यावर पेटते. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. याच कायद्याच्या कलम १३ प्रमाणे अठरा वर्षांवरील सर्वांत मोठी स्त्री ही शिधापत्रिकेपुरती कुटुंबप्रमुख असते; म्हणजे बाईला आपल्या नावाची पत्रिका मागताना नवऱ्यावर अवलंबून राहण्याची गरज नाही, आणि हे तिला मोठ्याने वाचून दाखवावे. आधी तिचे आणि मुलांचे नाव माहेरच्या किंवा पहिल्या सासरच्या पत्रिकेतून कमी करून तसा दाखला घ्यावा, मग वेगळ्या पत्रिकेचा अर्ज करावा. पण वेळ कमी असेल तर नाव कमी करण्याची घाई करू नये, कारण जुन्या पत्रिकेतून नाव गेले आणि नवी हाती आली नाही, तर सबंध हंगाम धान्यावाचून जातो. बाई तिच्या आईच्या पत्रिकेवर आणि जोडीदार त्याच्या भावाच्या पत्रिकेवर असला तरी फडावर (ऊसतोडीच्या ठिकाणी) दोघे आपापल्या पत्रिकेवरून धान्य उचलू शकतात. 'एक देश, एक रेशन कार्ड' योजनेत पत्रिकेवरील कोणाही सदस्याचा अंगठा देशातील कोणत्याही रेशन दुकानात चालतो, कर्नाटकातही चालतो, आणि सगळे धान्य एकदम उचलण्याची सक्ती नाही. फडावर काही भाग घेतला तरी उरलेला भाग गावाकडची आजी घेऊ शकते. किती कोणी घ्यायचे हे निघण्याआधी घरात बसून ठरवावे, नाहीतर महिन्याच्या शेवटी दोन्हीकडे भांडण होते. पत्रिकेवर प्राधान्य कुटुंबाचा किंवा अंत्योदयाचा शिक्का आहे का ते पाहावे, कारण नुसत्या केशरी पत्रिकेवर ही सोय मिळत नाही. प्रत्येक सदस्याचे ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणे) गावच्या दुकानात पूर्ण करून घ्यावे, बारा अंकी क्रमांक पाठ करावा किंवा पिशवीच्या आत लिहून ठेवावा, आणि बाहेरच्या दुकानदाराने नकार दिला तर १४४४५ या क्रमांकावर फोन करावा.

आता सोबत काय येते आणि मागे काय राहते, हे नीट समजून घ्यावे. केंद्राचे धान्य आणि आयुष्मान कार्डावरील वर्षाला ५ लाखांपर्यंतचे रुग्णालयातील उपचार सीमेपलीकडेही मिळतात. महाराष्ट्राने सणांसाठी दिलेल्या आनंदाचा शिधासारख्या गोष्टी मात्र आपल्या राज्यातच मिळत. लाडकी बहीण किंवा निराधार योजनेचे पैसे बँकेत येतात, तेव्हा ते कोठूनही काढता येतात. अडते ते ई-केवायसी आणि हयातीच्या दाखल्यामुळे, कारण त्यांची तारीख हंगामाच्या मधोमध येते. म्हणून गावात मागे राहणाऱ्या एका विश्वासू माणसाला या तारखांकडे लक्ष ठेवायला सांगावे. कर्नाटकात गृहलक्ष्मीचे (तेथील महिलांसाठीच्या योजनेचे) पैसे मिळतील म्हणून तेथील पत्रिका काढून देतो, असे सांगणारा एजंट भेटला तर त्याच्या नादी लागू नये. आधार दोन्हीकडे एकच असल्याने दुहेरी पत्रिका उघडकीस येते आणि मूळ पत्रिकाही रद्द होऊ शकते.

अर्जातील वैवाहिक स्थितीचा रकाना भरताना जे कायद्याने खरे आहे तेच लिहावे आणि सर्व अर्जांत तेच लिहावे. लाडकी बहीण योजनेत विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता व निराधार स्त्रिया आणि कुटुंबातील एक अविवाहित स्त्री पात्र धरली गेली. वय २१ ते ६५, उत्पन्न अडीच लाखांच्या आत. २०२५ मध्ये ई-केवायसी सुरू झाले तेव्हा पतीचे किंवा वडिलांचे आधार मागितले गेले. विवाह नसलेल्या स्त्रीने येथे वडिलांचे आधार द्यावे. जोडीदाराला पती म्हणून दाखवल्यास एका अर्जात अविवाहित आणि दुसऱ्यात विवाहित अशी विसंगती कायमची नोंदली जाते. निराधार योजनेत परित्यक्ता, घटस्फोटित आणि ३५ वर्षांवरील अविवाहित स्त्री यांचा समावेश आहे, परंतु २१ हजारांची उत्पन्न मर्यादा फार कडक आहे. एक पालक नसलेल्या मुलासाठी बालसंगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपये मिळतात. पहिल्या नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला बाईकडे असेल तर तो याच कामासाठी जपून ठेवावा.

गरोदर बाईची तयारी इतर सर्वांच्या आधी करावी. माता व बाल संरक्षण कार्ड सोबत घ्यावे आणि अंगणवाडीताईंकडून पोषण ट्रॅकरवर (अंगणवाडीच्या मोबाईल ॲपवर) स्थलांतराची नोंद करून घ्यावी. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५ हजार आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६ हजार रुपये मिळतात, आणि २०२२ पासून त्यासाठी पतीचे आधार बंधनकारक नाही. हे वाक्य मी तिसऱ्यांदा लिहायला तयार आहे, कारण आजही नवऱ्याचे आधार नाही म्हणून अर्ज परत केलेल्या बायका मला भेटतात. बाळ जेथे जन्मते तेथेच त्याची नोंद होते. फडावर, कोपीत किंवा परराज्यात जन्म झाला असेल तर २१ दिवसांच्या आत त्याच गावी नोंद करावी. ती राहून गेली आणि वर्ष उलटले, तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय काम होत नाही. जन्म-मृत्यू नोंदणीच्या सुधारित कायद्यानुसार १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलाच्या जन्मतारखेचा पुरावा म्हणून पुढे हाच दाखला लागणार आहे. त्याच सुधारित कायद्याने एकल पालकाला आणि अविवाहित मातेला स्वतः जन्माची माहिती देण्याचा अधिकार दिला आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच सांगितले आहे की अविवाहित मातेने प्रतिज्ञापत्र दिल्यास तिच्या मुलाला जन्मदाखला द्यावा लागेल. वडिलांचे नाव घालायचे की नाही, हे दोघांनी बाळंतपणाआधी ठरवावे, कारण ओल्या बाळंतिणीकडून नोंदणीच्या खिडकीपाशी घाईत घेतलेली सही पुढे अठरा वर्षे मुलाच्या मागे राहते.

शाळेसाठी फार लिहीत नाही. मूल गावी राहू शकत असेल तर हंगामी वसतिगृहासाठी मुख्याध्यापकांकडे नाव द्यावे; मोठ्या मुलांसाठी २०२१ मध्ये मंजूर झालेली संत भगवानबाबा वसतिगृहे आहेत. मूल सोबत येणार असेल तर तिकडच्या शाळेत शिक्षण चालू ठेवण्यासाठी शिक्षण हमी कार्ड घ्यावे. दाखला नाही किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून जवळच्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही.

निघण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी आणि तिचा कागद सोबत ठेवावा. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. फडाजवळच्या कोणा डॉक्टराने पोटदुखीवर थेट पिशवी काढायला सांगितले, तर हा जुना कागद दाखवून दुसऱ्या, सरकारी डॉक्टरांचे मत घ्यावे. दुखणे सांगताना नवऱ्याची सही मागितली गेली तरी सज्ञान स्त्रीच्या शस्त्रक्रियेला संमती तिची स्वतःची असते.

शेवटचे काम नामनिर्देशनाचे, म्हणजे नॉमिनी लावण्याचे, आणि विवाह नसलेल्या जोडप्याने ते कधीही टाळू नये. ट्रॅक्टर उलटतो, साप चावतो, आणि मागे राहिलेल्या बाईला विचारले जाते की तू त्याची कोण. जनधन खात्यात, २० रुपयांच्या अपघात विम्यात आणि ४३६ रुपयांच्या जीवन विम्यात नामनिर्देशित व्यक्ती पती-पत्नीच असावी, अशी अट नाही. दोघांनी एकमेकांचे किंवा मुलाचे नाव तेथे लिहून पोच घ्यावी. ग्रामसेवकांकडून मिळणारे ऊसतोड कामगाराचे ओळखपत्रही दोघांनी वेगवेगळे काढावे. मुकादमाने जोडीला एकच पुरे म्हटले तरी ऐकू नये.

सगळ्या कागदांच्या दोन छायाप्रती काढाव्यात. एक संच प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर मुकादमाचे नाव, कारखान्याचे नाव आणि फडाच्या गावाचे नाव लिहून, गावी राहणाऱ्या माणसाकडे द्यावा. दुसरा संच बाईने आपल्याच पेटीत ठेवावा. मूळ कागद उचलीपोटी किंवा सांभाळायला म्हणून मुकादमाकडे देऊ नयेत.