स्पेलिंगचं कूळ ओळखा: इंग्रजी शब्द वाचायची आणि उच्चारायची पद्धत

'चक्र' आणि 'चाक' हे शब्द मोठ्याने म्हणून पाहा. अक्षर एकच, पण चक्रातला च टाळूशी उमटतो आणि चाकातला दातांमागे. चक्र संस्कृतातून जसाच्या तसा आलेला तत्सम शब्द आहे, चाक हा त्याचाच झिजत आलेला तद्भव. 'चंद्र' आणि 'चांदणं' यांचंही तसंच. हा भेद आपल्याला कुणी पाठ करायला लावत नाही. शब्दाचं कूळ कानाला ओळखीचं असतं. इंग्रजी स्पेलिंग हाताळायलाही हीच सवय लावून घ्यायची.

सी-एच ही जोडी घ्या. 'चाइल्ड', 'चिन' हे मूळचे इंग्रजी शब्द, म्हणून च. 'केमिस्ट्री', 'कॅरेक्टर', 'एको' ग्रीकमधले, म्हणून क. 'मशीन', 'पॅराशूट', 'शेफ' फ्रेंचमधले, म्हणून श. 'चीफ' आणि 'शेफ' तर मुळात एकच फ्रेंच शब्द. मध्ययुगात आला तेव्हा फ्रेंच लोक तिथे च म्हणत, म्हणून चीफ. तोच शब्द १९ व्या शतकात पुन्हा आला, तोवर फ्रेंचमध्ये च चा श झाला होता, म्हणून शेफ.

कूळ कसं ओळखायचं

इंग्रजी शब्दांचा पहिला थर पाचव्या शतकापासून ब्रिटनमध्ये आलेल्या अँगल, सॅक्सन वगैरे टोळ्यांच्या बोलीचा. शरीराचे अवयव, नाती, रोजची कामं यांचे छोटे शब्द बहुतेक इथले. के-एन ने सुरू होणाऱ्या शब्दात के मुका (नी, नाइफ, नॉट), डब्ल्यू-आर मध्ये डब्ल्यू मुका (राइट, राँग, रिस्ट), आणि नाइट, डॉटर, लाइट यांतला जी-एच मुका. ही अक्षरं पूर्वी उच्चारली जात. जी-एच चा आवाज आपल्या ख सारखा घशातून घासत येई. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला आणि त्यानंतर स्पेलिंग हळूहळू गोठत गेलं. पण साधारण १४०० ते १७०० या काळात दीर्घ स्वर सरकत होते: 'टाइम' मधला आय पूर्वी ई सारखा होता, 'हाउस' मधला स्वर ऊ सारखा. लेखन थांबलं, जीभ पुढे गेली. म्हणून स्पेलिंग हा बऱ्याच अंशी जुन्या उच्चाराचा ठसा आहे.

याच थरात स्कँडिनेव्हियातून आलेल्या व्हायकिंगांचे शब्दही मिसळले: स्काय, एग, टेक, दे. 'शर्ट' अस्सल इंग्रजी आणि 'स्कर्ट' व्हायकिंगांचा, दोन्ही एकाच जुन्या शब्दाची रूपं.

दुसरा थर फ्रेंच: १०६६ मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतरचा. नंतरच्या काळात आलेले फ्रेंच शब्द एका खुणेवरून कळतात: आय चा उच्चार ई होतो आणि जोर शेवटावर पडतो, जसं मशीन, पोलीस.

तिसरा थर विद्वानांनी आणलेल्या लॅटिन-ग्रीकचा. पी-एच चा फ, शब्दाच्या मध्ये वाय, सुरुवातीला पी-एस किंवा पी-एन आणि त्यातला पी मुका (सायकॉलॉजी, न्यूमोनिया), या ग्रीक खुणा. विद्वानांच्या उत्साहात काही अक्षरं उगाचही घुसली. 'डेट' म्हणजे कर्ज, यातला बी कधीच उच्चारला जात नव्हता. लॅटिन मूळ दाखवण्यासाठी तो मागाहून घातला. 'आयलंड' मधला एस तर चुकून आला, तो शब्द अस्सल इंग्रजी असूनही फ्रेंच 'आइल' शी जोडला गेला म्हणून. अशा अक्षरांत तर्क शोधत बसू नका.

या थरांचा लिहितानाही उपयोग होतो. आपण 'हात' म्हणतो पण 'हस्ताक्षर' लिहितो. तसं इंग्रजीत दात 'टूथ', पण दातांविषयीचं 'डेंटल'. सूर्य 'सन', पण सूर्याचं ते 'सोलर'. 'आस्क', 'क्वेश्चन', 'इंटरॉगेट' हे तिन्ही विचारण्याचेच शब्द, अनुक्रमे इंग्रजी, फ्रेंच आणि लॅटिन. बोलताना पहिला वापरा. मित्राला 'इंटरॉगेट' केलं तर त्याला पोलीस चौकशीची आठवण होईल.

शेवटचा ई

मुका ई आधीच्या स्वराला त्याच्या अक्षराचं नाव देतो: हॉप–होप, बिट–बाइट, कट–क्यूट. म्हणून 'हॉपिंग' मध्ये पी दोनदा आणि 'होपिंग' मध्ये एकदा. हॅव, गिव्ह, लव्ह इथे नियम मोडल्यासारखा वाटतो, पण तिथला ई वेगळ्या कामाचा आहे: इंग्रजीत शब्द व्ही वर संपवण्याची रीत नाही, एवढंच.

जोर: इथे सर्वांत जास्त वेळ द्या

मराठीत प्रत्येक अक्षराला जवळपास सारखं वजन मिळतं. इंग्रजीत शब्दाच्या एका अवयवाला (एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्याला) जोर मिळतो, म्हणजे तो लांब, उंच आणि स्पष्ट होतो. बाकीच्यांचे स्वर बऱ्याचदा विझून आपल्या अ सारखे होतात. 'बनाना' मध्ये तीन ए आहेत, पण जोर फक्त मधल्यावर. कडेचे दोन्ही अ. जोर चुकला की प्रत्येक अक्षर बरोबर उच्चारूनही ऐकणाऱ्याला शब्द कळत नाही.

शेवटी 'शन', 'इक' किंवा 'इटी' असेल तर जोर त्याच्या लगेच आधीच्या अवयवावर. पॉलिटिक्स, अॅरबिक असे अपवाद थोडे. हा जोर कसा सरकतो ते 'फोटोग्राफ' (फो वर), 'फोटोग्राफी' (टॉ वर) आणि 'फोटोग्राफिक' (ग्रॅ वर) असं ओळीने म्हणून पाहा. 'रेकॉर्ड', 'परमिट', 'ऑब्जेक्ट' हे नाम असताना पहिल्या अवयवावर जोर घेतात, क्रियापद असताना दुसऱ्यावर. 'रिपोर्ट' मात्र दोन्हीकडे दुसऱ्यावरच.

भूतकाळाचा ई-डी

'विपद् + काल = विपत्काल' हा संधी आठवा. कठोर व्यंजनाशेजारी मृदू द् कठोर झाला. इंग्रजीत दिशा उलटी, तत्त्व तेच. क, प, च, फ, स, श नंतर ई-डी चा ट होतो: वॉक्ट, लाफ्ट, वॉश्ट. मृदू व्यंजन, अनुनासिक किंवा स्वर असेल तर ड: क्लीन्ड, प्लेड. शेवटी आधीच ट किंवा ड असेल तरच जादा अवयव येतो: वॉन्टिड, नीडिड. 'वॉकेड', 'लाफेड' ही चूक स्पेलिंगकडे बघून होते.

देवनागरीत न मावणारे आवाज

'थिंक' मधला आवाज म्हणजे आपला थ नव्हे. जिभेचं टोक दातांमध्ये हलकं ठेवून हवा सोडा आणि तीन सेकंद लांबवा. लांबवता आला तर बरोबर. थ लांबवताच येत नाही.

व्ही साठी वरचे दात खालच्या ओठाला टेकवून गुणगुणा. डब्ल्यू साठी ओठ ऊ सारखे गोल, दात ओठापासून दूर: 'ऊ-एस्ट' भरभर म्हटलं की 'वेस्ट' म्हणजे पश्चिम.

'पिन' म्हणताना ओठांसमोर कागदाची पट्टी धरा. शब्दारंभी जोर असलेल्या पी, टी, के मध्ये ती हलली पाहिजे. आपला प कोरडा असल्याने इंग्रजी कानाला 'बिन' ऐकू येऊ शकतं. एस नंतर मात्र ('स्पिन') आपला साधा प अगदी बरोबर.

वहीची पद्धत

रोज दहाच शब्द. चार रकाने: स्पेलिंग, देवनागरीत उच्चार (जोराच्या अवयवाखाली रेघ), कूळ, आणि शब्द वापरून एक वाक्य. शब्दकोशात उच्चारापुढे दिसणारी उभी छोटी रेघ जोराच्या अवयवाच्या आधी असते आणि उलटा ई म्हणजे विझलेला अ. उच्चार आधी ऐका, मग लिहा. उलट क्रमाने केलं तर डोळा कानाला फसवतो. देवनागरीत न मावणाऱ्या आवाजाखाली टिंब द्या, नाहीतर महिन्याने तुम्हीच तो थ म्हणून वाचाल.

ओ-यू-जी-एच हे कुटुंब या पद्धतीतही बसणार नाही. थ्रू, खोकला या अर्थाचा 'कॉफ', 'रफ', झाडाची फांदी 'बाउ', 'थॉट': प्रत्येकाचा स्वर निराळा, कारण तो जुना ख वेगवेगळ्या बोलींत वेगवेगळ्या रीतीने गळाला किंवा फ झाला. हे शब्द एका पानावर एकत्र लिहा, वाक्यासकट पाठ करा आणि दर आठवड्याला मोठ्याने वाचा.