दोन एव्ही रिसीव्हर ताडून पाहताना या चुका टाळा

हिंगणघाटच्या आसपासच्या गावांत मी बारा वर्षांपासून होम थिएटर लावून देतो. त्यातला एव्ही रिसीव्हर म्हणजे टीव्ही-प्लेअरचा आवाज घेऊन सगळ्या स्पीकरना पॉवर देणारा डबा. कापसाचा पैसा हाती आला की ‘भाऊ, या दोनातला कोणता घेऊ?’ म्हणत लोक येतात, आणि बहुतेकांनी चुकीचं ऐकून मन आधीच पक्कं केलेलं असतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आवाज सारखा न करता ऐकणं. दोन्हींच्या पडद्यावर सारखा आकडा दिसला म्हणून आवाज सारखा असतो असं नाही. आणि थोडा मोठा आवाज कानाला मोठा वाटत नाही, तो ‘मोकळा’, ‘स्वच्छ’ वाटतो. मागच्या मे महिन्यात एका गावात दोन साडू आपापले रिसीव्हर घेऊन बसले होते. धाकट्याचा ऐकून सगळे म्हणाले, ‘काय आवाज आहे बाप्पा!’ थोरल्याने लगेच दुकानदाराला बयाणा देऊन टाकला. मी गेलो, बसायच्या जागी आवाज मोजायचा मीटर धरला, दोन्हींवर पिंक नॉइज (मोजणीसाठीचा एकसारखा ‘शऽऽ’ आवाज) वाजवला. धाकट्याचा ३ डेसिबलनं जास्त होता, म्हणजे स्पीकरला दुप्पट पॉवर जात होती. दोन्ही ७५ डेसिबलवर आणले, वर दुपट्टा टाकून झाकले आणि पाच जणांना ऐकवलं. कोणाचंच उत्तर दोनदा सारखं आलं नाही. बयाणा मात्र परत मिळाला नाही. तो माणूस पुऱ्या हंगामभर राबून आलेला होता, याचं मला आजही वाईट वाटतं.

माझी सवय अशी : मीटर ‘सी-वेटिंग’ आणि ‘स्लो’ या सेटिंगवर, दोन्हींतला फरक अर्ध्या डेसिबलच्या आत, जुळलेला आकडा टेपवर लिहून रिसीव्हरला चिकटवायचा. रूम करेक्शन (माइकनं खोली मोजून रिसीव्हर आपोआप आवाज जुळवतो ती सोय) आधी दोन्हींचं बंद ठेवून ऐकतो, मग प्रत्येकाचं नव्यानं करतो. त्याचा माइक हातात धरू नका, स्टँडवर कानाच्या उंचीला ठेवा. ‘पाच मिनिटांत सांगा’ म्हणणाऱ्यांना मी परत पाठवतो. तारा बदलायलाच दहा मिनिटं जातात, तोवर आधीचा आवाज कानात राहत नाही. म्हणून एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवा.

हे सगळं कूलर बंद करून. उन्हाळ्यात ४५ अंशांत ते जमत नाही, म्हणून पहाटे या. आमच्याकडे शेतीचे पंप चालू झाले की व्होल्टेजही पडतं. स्टॅबिलायझर दोघांनाही एकच लावा.

खोक्यावरचे वॅट : ‘६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के विकृती, एक चॅनल’ असे लिहिलेले १५० वॅट आणि ‘८ ओहम, २० ते २०,००० हर्ट्झ, ०.०८ टक्के, दोन चॅनल’ असे ८० वॅट, यांची तुलनाच होत नाही, कारण मोजायच्या अटीच वेगळ्या. मी दुसऱ्या प्रकारचाच आकडा वाचतो, आणि पाचही चॅनल (म्हणजे पाचही स्पीकर) एकदम वाजले की तोही कमी होतो हे धरून चालतो.

लाल-काळी तार एका स्पीकरची उलटी लागली, तर बास गायब होतो. दोष रिसीव्हरला देऊ नका.

एकावर एक ठेवून दोन्ही चालवू नका. खालचा तापून प्रोटेक्शनमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला आपोआप बंद पडतो.

तार बदलण्याआधी प्लग काढा, नुसतं रिमोटनं बंद करून चालत नाही. टोकाचे सुटे धागे पीळ घालून आत सरकवा. एक धागा शेजारच्या टर्मिनलला टेकला तरी रिसीव्हर जाऊ शकतो.