लिनियरचं झाकण उघडण्याआधी

हॅम रेडिओचं जनरल ग्रेडचं लायसन्स हातात पडलं की बहुतेकांना लिनियरची, म्हणजे सेटची पॉवर वाढवणाऱ्या अँप्लिफायरची, खाज सुटते. रिस्ट्रिक्टेडला 50 वॅट, जनरलला 400, मग 100 वॅटच्या रिगवर (रेडिओ सेटवर) का भागवायचं? माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष अँटेनावर घालवा. 100 चे 400 केले की 6 डीबी (डेसिबल) वाढतात, म्हणजे समोरच्याच्या सिग्नल मीटरवर जेमतेम एक घर, एक एस-युनिट. पण हे सांगून कोणी थांबत नाही, मीही थांबलो नव्हतो. पुण्यातच कोणीतरी जुना व्हॉल्व्हचा लिनियर विकायला काढतं, भाव बरा वाटतो आणि पेटी घरी येते. त्या पेटीसाठी हे लिहितोय.

ओहमचा नियम, ग्राउंडेड ग्रिड (व्हॉल्व्हची एक जोडणी) हे तुम्हाला येतं असं धरून चालतो. 3-500झेड या व्हॉल्व्हच्या लिनियरमध्ये अडीच ते साडेतीन हजार व्होल्ट एचटी (हाय टेन्शन, म्हणजे उच्च दाब) असतं. धोका त्या आकड्यात आहेच, पण त्यामागच्या साठ्यात जास्त आहे. माझ्या पेटीत 270 मायक्रोफॅरड, 450 व्होल्टचे आठ कंडेन्सर सिरीजमध्ये होते, म्हणजे सगळे मिळून साधारण 34 मायक्रोफॅरड. 2800 व्होल्टला त्यात 130 ज्यूलच्या वर ऊर्जा मावते. दवाखान्यात डिफिब्रिलेटरने छातीवर देतात तो झटका याच माळेतला. फरक इतकाच, की तिथे शेजारी डॉक्टर उभा असतो.

घरात आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे म्हणून निर्धास्त असाल तर ते आधी डोक्यातून काढा. तो ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीकडचा, म्हणजे घरच्या विजेच्या बाजूचा, फरक बघतो. सेकंडरीकडे, म्हणजे एचटीच्या बाजूला, तुमच्या अंगातून काय जातंय, याचा त्याला पत्ताही लागत नाही.

आता मुख्य गोष्ट. मला चकवलं ते इथे, म्हणून जरा लांबण लावतो.

प्रत्येक कंडेन्सरवर एक ब्लीडर रेझिस्टर असतो, पेटी बंद केल्यावर त्याला रिकामा करणारा. माझ्याकडे 100 किलोओहमचे होते. सगळे धड असतील तर पेटी बंद केल्यावर दोन मिनिटांत एचटी 50 व्होल्टच्या खाली येतं. पण वीस-पंचवीस वर्षं तापलेले हे रेझिस्टर ओपन होतात, म्हणजे आतून तुटतात, आणि बाहेरून तसेच्या तसे दिसतात. आठातला एक ओपन झाला की त्याच्या कंडेन्सरवर, पेटी चालू असतानाच, वाट्यापेक्षा जास्त व्होल्टेज चढतं. बंद केल्यावर बाकीचे सात रिकामे होतात, हा भरलेलाच राहतो. हिशेबाला 400 व्होल्ट धरा. पॅनेलचा एचटी मीटर 5 किलोव्होल्टचा, त्यावर 400 म्हणजे पहिल्या रेघेच्याही आत. सुई पडली असंच वाटतं.

तुम्ही शहाणे आहात, तुम्ही अर्थिंगची काठी लावता. एचटी आणि चॅसिस (पेटीचा धातूचा सांगाडा) शॉर्ट. आणि खरी मेख इथेच आहे. शॉर्ट केल्यावर सिरीजमधल्या सगळ्यांतून सारखाच चार्ज वाहतो. भरलेला कंडेन्सर 400 वरून 350 वर येतो आणि बाकीचे सात प्रत्येकी 50 व्होल्टने उलटे चार्ज होतात. सात पन्नास साडेतीनशे. अधिक 350, उणे 350, बेरीज शून्य. मीटर शून्य दाखवतो आणि तो खोटं बोलत नसतो, पण मधल्या एका डब्यावर 350 व्होल्ट तसेच बसलेले असतात. काठी लावूनच ठेवली तर हा चार्ज बाकीच्या ब्लीडरांतून उतरतो, पण सात-आठ मिनिटं घेतो. बहुतेक जण एकदा ठिणगी बघतात, काठी काढतात आणि हात घालतात.

मला ज्या काकांनी शिकवलं त्यांची एकच कटकट असे. "एकेक मोज रे. बेरजेवर जाऊ नकोस." मला तो म्हातारपणाचा चिकित्सकपणा वाटायचा. काठी लावलेली, सुई शून्यावर, आणि तरी मी त्यांच्या धाकाने मल्टिमीटरची टोकं एकेका कंडेन्सरवर ठेवत गेलो. पाचव्यावर 338. काकांनी चष्म्यावरून बघितलं, काही बोलले नाहीत, फक्त माझा डावा हात पेटीच्या कडेवरून उचलून माझ्या खिशात घातला. त्या कडेवर मी सहज टेकलो होतो; एक हात आत, दुसरा कडेवर, म्हणजे झटका छातीतून.

तेव्हा काठी लावलेली असताना प्रत्येक कंडेन्सर मोजा. ज्याच्यावर काही शिल्लक आहे तो 1 किलोओहमच्या वायरवाउंड (तार गुंडाळलेल्या) रेझिस्टरमधून रिकामा करा, स्क्रूड्रायव्हरने नाही. मोजणी संपली की पुन्हा मोजा, कारण मोठे कंडेन्सर रिकामे केल्यावरही थोडे परत चढतात. आणि साध्या मल्टिमीटरने पूर्ण एचटी कधीही मोजू नका. तो 600 किंवा 1000 व्होल्टचा असतो, त्याला 2800 दाखवलेत तर झटका तुमच्या बोटांपर्यंत येईल. एकेका डब्यावर तो चालतो, तेही प्लग काढल्यावर आणि काठी लावल्यावरच.

काठी घरी होते. पीव्हीसी पाइप, टोकाला पितळी हूक, आत सिरीजमध्ये वायरवाउंड मिळून 10 किलोओहम, आणि जाड लवचिक वायरचं क्लिप चॅसिसला. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास हे सगळं एका फेरीत मिळतं. वापरण्याआधी दरवेळी ओहममध्ये तपासा, कारण काठीतला रेझिस्टरही ओपन होऊ शकतो. आधी रेझिस्टरमधून, मग थेट वायरने शॉर्ट, आणि ती वायर काम संपेपर्यंत तिथेच. आणखी एक: बऱ्याच लिनियरमध्ये एचटीची निगेटिव्ह बाजू चॅसिसला थेट नसते, मीटरिंगच्या छोट्या रेझिस्टरमधून असते. तो उडाला असेल तर चॅसिसला लावलेल्या काठीने काहीच रिकामं होत नाही. म्हणून दुसरं क्लिप निगेटिव्हपासून चॅसिसला.

बाकीचं थोडक्यात. प्लग काढून डोळ्यांसमोर टेबलावर ठेवा, नुसत्या स्विचवर विसंबू नका. अंगठी, कडं, घड्याळ काढा. घरात दुसरं माणूस हवं, आणि त्याला एमसीबी कुठे आहे आणि 108 ला फोन करायचा हे माहीत हवं. झाकणाचा इंटरलॉक (झाकण उघडलं की वीज तोडणारा स्विच) काडी घालून दाबून ठेवणारे भेटतात, त्यांच्याकडून पेटी विकत घेऊ नका. "मला तर चार वेळा बसलाय, काही होत नाही" असं हसत सांगणारा गुरू करू नका. तो हुशार असेल, पण तो नशिबाने शिकला आहे आणि नशीब शिकवता येत नाही. जुन्या बाजारातला मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर उचलून एचटी सप्लाय करण्याची कल्पना तर सोडाच. त्याच्या सेकंडरीचं एक टोक लोखंडी कोरला जोडलेलं असतं आणि दोन हजार व्होल्टला तो माणूस मरण्याइतका करंट आरामात देतो.

घाबरवायचं नाहीये मला. आमच्या ओळखीत सत्तरी ओलांडलेले लोक आजही व्हॉल्व्ह बदलतात, चहा पीत, सावकाश. सवय लागली की या सगळ्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात.

जुनी पेटी आणलीत तर लावून बघण्याचा मोह आवरा. आधी आठही ब्लीडरचं एकेक टोक सुटं करून मोजा, किंवा सरळ सगळे नवे घाला, 3 वॅटचे मेटल ऑक्साइड. खर्च एका मिसळीइतका. व्हॉल्व्ह चांगला आहे का, ट्यूनिंग लागतं का, हे त्यानंतर.