आगीच्या कॉलवर वॉकीटॉकीवर कसं बोलायचं

हे नवीन भरती झालेल्या फायरमनसाठी आणि एमआयडीसीतल्या कंपन्यांच्या फायर टीमसाठी लिहितोय. होज, पंप, शिडीची ड्रिल सगळीकडे घाम निघेपर्यंत करून घेतात आणि सेट मात्र हातात देऊन "हे बटण दाबून बोलायचं" एवढंच सांगतात. धुरात गेलेला माणूस बाहेरच्याला दिसत नाही, तो ठीक आहे की अडकलाय हे फक्त सेटवरून कळतं, म्हणून याची ड्रिलही तेवढीच कडक व्हायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

गाडीतून उतरायच्या आधीच बॅटरी, चॅनल, आवाज बघून घ्या आणि एकदा रेडिओ चेक करा. कंट्रोल रूमचं चॅनल वेगळं आणि स्पॉटवर आत-बाहेर बोलायचं वेगळं असेल तर आत जाणाऱ्या प्रत्येकाचा सेट स्पॉटच्या चॅनलवर आहे ना हे टीम लीडरने स्वतः बघायचं. केमिकल कंपनीत, म्हणजे तारापूर, महाड, रोहा अशा ठिकाणी गॅस लीक असेल तर साधा सेट किंवा मोबाईल आत न्यायचाच नाही, इन्ट्रिन्सिकली सेफ शिक्का असलेलाच, म्हणजे ठिणगी पाडून गॅस पेटवणार नाही असा बनवलेला सेट पाहिजे.

आता बोलणं. आधी ऐका, कोणी बोलत असेल तर मध्ये घुसू नका, कारण दोघांनी एकदम बटण दाबलं की बहुतेक वेळा दोघांचंही वाया जातं. बटण दाबल्यावर एक सेकंद थांबून बोलायला सुरुवात करा नाहीतर पहिला शब्द कापला जातो, आणि वाक्य पूर्ण झाल्यावरच बटण सोडा. मराठीत हे जास्तच जपावं लागतं कारण आपला नकार वाक्याच्या शेवटी येतो, "पाणी सोडू नका" मधलं "नका" कापलं गेलं तर पंपवाल्याला नेमकं उलटं ऐकू जाईल. म्हणून सेटवर नकाराची वाक्यं टाळायचीच, "पाणी बंद ठेवा", "बाहेरच थांबा" असं सरळ बोलायचं.

आकड्यांचंही तसंच. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास हे सेटच्या खरखरीत सारखेच वाटतात, तेव्हा मजला आणि सिलेंडरमधल्या हवेचं प्रेशर एकेक आकडा सुटा करून सांगा, "मजला दोन नऊ". बी विंग, डी विंग, ई विंग यांच्यात घोळ होतो, तिथे ब्राव्हो, डेल्टा, एको म्हणा. मुंबई-ठाण्याच्या टॉवरमध्ये खाली पाच-सात पोडियम, म्हणजे बहुतेक पार्किंगचे मजले असतात आणि त्यावर "पहिला मजला" सुरू होतो, म्हणून बाहेरून मोजलेला मजला सांगू नका, लिफ्टच्या पॅनलवर जो नंबर आहे तोच सगळ्यांनी वापरायचा हे पोचल्या पोचल्या ठरवून घ्या. डावी-उजवी पण नको, रस्त्याकडची बाजू, मागची बाजू असं बोला.

हाक मारताना आधी ज्याला बोलवताय त्याचं नाव, मग स्वतःचं (कमांड म्हणजे बाहेरून सूत्रं सांभाळणारा अधिकारी, बीए टीम म्हणजे ब्रीदिंग अपॅरेटस, पाठीवर हवेचा सिलेंडर आणि तोंडावर मास्क लावून धुरात जाणारी टीम):

"कमांड, बीए टीम दोन."
"टीम दोन, बोला."
"मजला एक चार, ब्राव्हो विंग, पॅसेजमध्ये दाट धूर, फ्लॅट एक चार शून्य तीनमध्ये आग, आमची लाईन चालू आहे, प्रेशर एक सहा शून्य, अजून एक टीम पाहिजे."
"मजला एक चार, ब्राव्हो, फ्लॅट एक चार शून्य तीनमध्ये आग, प्रेशर एक सहा शून्य, एक टीम पाठवतो."

काय दिसतंय, काय करतोय, काय पाहिजे, बस. आणि समोरच्याने नुसतं "ओके" म्हणून सोडायचं नाही, मुख्य गोष्ट परत बोलून दाखवायची. पहिल्या पोचलेल्या गाडीचा रिपोर्टही याच धर्तीवर, इमारत किती मजली, धूर-ज्वाळा कुठून, माणसं अडकलीत का, कारण मुंबईत लेव्हल वन, टू, थ्री अशी आग घोषित होते आणि त्यावर पुढची कुमक निघते. जखमी किंवा मृतांची नावं सेटवर कधीच घ्यायची नाहीत.

बीए मास्क लावल्यावर माईक मास्कच्या बोलण्याच्या जाळीजवळ धरा, श्वास सोडताना बोला आणि ओरडू नका, ओरडल्यावर आवाज फाटतो.

मेडे हा शब्द जीव धोक्यात असेल तेव्हाच, पण तेव्हा लाज किंवा वाट बघणं अजिबात नको. अडकलात, वाट हरवलीत, वरून काही कोसळलं, हवा संपत आली की लगेच "मेडे मेडे मेडे", मग कोण, कुठे, काय झालं, हवा किती, काय पाहिजे. सिलेंडर सहसा ३०० बारचा असतो आणि हवा संपत आल्याची शिट्टी ५५ बारच्या आसपास वाजते, तोवर थांबलात तर शोधणाऱ्यांना वेळच उरत नाही. बीएवरचा डिस्ट्रेस अलार्म (अडकलेल्याला शोधायला वाजणारा) आधी सुरू केला तर त्याच्या किंकाळीत तुमचं बोलणं बुडतं, म्हणून आधी बोला, मग अलार्म. बाकी सगळ्यांनी सेट शांत ठेवायचा, फक्त कमांड बोलेल.

बेसमेंट, लिफ्टचा डक्ट, जाड आरसीसीच्या आत सेट हमखास मुका होतो. तिथे जिन्याच्या लँडिंगवर एक माणूस निरोप पुढे द्यायला उभा करा. हाकेला उत्तर आलं नाही तर पुढे जायचं नाही, रेंज होती तिथवर मागे यायचं. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कमध्ये दक्षिण टॉवर पडल्यावर उत्तर टॉवरमधून बाहेर पडायचा आदेश रेडिओवर गेला, पण उंच इमारतीत कमी पडणारे सेट आणि चॅनलवरची गर्दी यामुळे तो आतल्या बऱ्याच जणांपर्यंत पोचलाच नाही, त्या दिवशी न्यूयॉर्क फायर डिपार्टमेंटचे ३४३ लोक गेले. म्हणून "सगळे बाहेर या" हा आदेश एकट्या सेटवर सोडायचा नाही, सोबत ठरलेल्या पद्धतीने गाड्यांचे हॉर्न वाजवायचे, आणि प्रत्येक टीमकडून मोजून हजेरी घ्यायची, एखाद्या टीमचं उत्तर नाही आलं तर ती आतच आहे असं धरायचं.

आपल्या हद्दीतल्या टॉवर, मॉल, हॉस्पिटलच्या बेसमेंटमध्ये शांत दिवशी सेट घेऊन फिरा, कुठे रेंज जाते ते स्टेशनच्या वहीत लिहून ठेवा. आणि महिन्यातून एकदा तरी मास्क लावून, डोळ्यावर पट्टी बांधून, खऱ्यासारखा मेडे द्यायची ड्रिल करा, कंट्रोलला आधी कळवून आणि ट्रेनिंगच्या चॅनलवर.