सराउंड प्रोसेसर घेताना आधी खोली बघा

होम थिएटरचा आवाज वेगवेगळ्या स्पीकरना वाटून देणारा महागडा सराउंड प्रोसेसर निवडताना चॅनेलच्या आकड्याला भुलू नका. 7.1.4 मांडणीला (भोवती 7 स्पीकर, 1 सबवूफर म्हणजे खोल बासचा स्पीकर, वरच्या बाजूला 4) 12 चॅनेल लागतात; दुसरा सबवूफर जोडायचा असेल तर एक आउटपुट जास्त धरा. खरा फरक पडतो तो रूम करेक्शनमुळे. डिरॅक लाइव्ह किंवा ट्रिनॉव्हसारखी प्रणाली माइकने खोली मोजते आणि घुमणारा बास आवरते. प्रत्येक सबवूफरला वेगळा डिले (आवाज किती उशिरा निघावा) आणि लेव्हल (किती मोठा असावा) देता येते का, हे विक्रेत्याला मेनू उघडून दाखवायला सांगाच. प्रोसेसरमध्ये अ‍ॅम्प्लिफायर नसतो, त्याचं बजेट वेगळं काढा. केबल लांब ओढायची असेल तर एक्सएलआर (लांब केबलमध्येही खरखर कमी ठेवणारे) आउटपुट हवेत. एचडीएमआय लवकर जुनं होतं, म्हणून त्याचा बोर्ड बदलता येणारं मॉडेल मिळालं तर मी तेच घेईन.