पासपोर्टचा फॉर्म भरण्याआधी दाखला आणि आधार शेजारी ठेवा

कर्नाटकच्या हद्दीवरचा कोगनोळी नाका ओलांडून निपाणीला जाताना ओळखपत्र कुणी विचारत नाही. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर दारातच विचारतात. देशातल्या देशात आधार, मतदान कार्ड, लायसन्स किंवा पॅन, यातलं एक पुरतं. फोनमधलं आधार डिजिलॉकर या सरकारी ॲपमधलं असावं. लेकानं व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो दाखवून जवानाशी हुज्जत घालू नका.

पशुपतिनाथाच्या सहली नेणारे ‘आधार बास आहे’ असं छातीठोकपणे सांगतात. ऐकू नका. १५ ते ६५ वयाच्या माणसाला नेपाळच्या विमानासाठी पासपोर्ट किंवा मतदान कार्डच लागतं. भूतानलाही मोठ्यांना याच दोन्हींपैकी एक.

बाकी परदेशाला पासपोर्ट. पासपोर्टच्या सरकारी संकेतस्थळावर फॉर्म भरायचा, १५०० रुपये भरायचे आणि कोल्हापुरातल्याच पोस्टाच्या पासपोर्ट केंद्राची वेळ घ्यायची. एजंटाला पैसे मोजावेत असं यात काही नाही.

खरी मेख नावात आहे. आमच्या घरात सगळे हेलपाटे इथंच पडले. आपल्याकडं शाळेच्या दाखल्यावर ‘आनंदा’, आधारवर ‘आनंदराव’ आणि पॅनवर वडिलांचं नावच गायब, हे घरोघरी आहे. जोतिराम कुठं ‘ज्योतीराम’ होतो, चौगुल्यांच्या स्पेलिंगची तर दर कार्डाला नवी तऱ्हा. गावात आनंदा म्हणा नाहीतर आनंदराव, हाक एकच. काउंटरवर ती दोन माणसं होतात.

म्हणून फॉर्मला हात लावण्याआधी सगळी कागदपत्रं टेबलावर मांडा आणि इंग्रजी स्पेलिंग एकेक अक्षर बोट ठेवून ताडा. दाखला आणि दहावीचं प्रमाणपत्र पाया धरा, कारण शाळा सोडल्यावर ते बदलणं महाकठीण. आधार त्यांच्याशी जुळवा, मग पॅन. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा सेवा केंद्रातल्या पोराला तोंडी सांगू नका. कागदावर लिहून द्या आणि पावती तिथंच वाचा. ‘स्टँपपेपरवर प्रतिज्ञापत्र करा, भागतंय’ हा कचेरीबाहेरचा सल्ला मी तरी मानत नाही. नाव मुळातच वेगळं असेल तर राजपत्रात बदल छापून घ्यावा. तत्काळचे दोन हजार जादा भरूनही हा घोळ सुटत नाही.

फॉर्ममध्ये स्वतःचं आणि वडिलांचं नाव ‘गिव्हन नेम’मध्ये, आडनाव त्याच्या रकान्यात. आडनावाचा रकाना मोकळा सोडू नका. नुसत्या एकाच नावाच्या पासपोर्टवर दुबईच्या पर्यटन व्हिसाला अडचण येऊ शकते. लग्न झालेल्या बायकांनी नाव बदललंच पाहिजे असा नियम नाही. माहेरचं नाव सगळीकडं असेल तर खुशाल तेच ठेवा.

दहावीचं मूळ प्रमाणपत्र न्या, नाहीतर ईसीआर पासपोर्ट, म्हणजे काही देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी परवानगी लागणारा, हातात पडू शकतो. पोलीस पडताळणीला फोन उचला.

पासपोर्ट आला की विमानाच्या तिकिटावर नाव त्यातलंच, जसंच्या तसं. जुना असेल तर मुदत बघा: सहा महिन्यांहून कमी उरली असेल, तर थायलंड-सिंगापूरचं बुकिंग नवा हातात आल्यावरच करा.